रुमालाखालचा भाव

शेअरच्या बाजारात मी एकदा स्वतःशीच चढाओढ केली आणि तीत हरलो.

हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, हे जमतं कसं? मुंबईत जमत नाही. तिथे इतकी माणसं एकदम ओरडत असतात की एकट्याच्या मूर्खपणाला फारसा वाव राहत नाही. डहाणू आणि तलासरीच्या मध्ये मात्र तेव्हा भरपूर मोकळी जागा होती.

गोष्ट पन्नास आणि साठच्या सांध्यावरची. मी जंगलखात्याच्या डहाणूच्या वखारीत कारकून होतो. महिन्यातून चार-सहा वेळा कामासाठी तलासरीला जावं लागे, एस.टी.ने, आणि परत येताना अंगावर इतकी धूळ असे की बायको मला ओसरीवरच थांबवून ठेवी. तिच्या वडिलांनी तिला चिखल्याला समुद्रापासून थोडी आत अशी एक लहान वाडी दिली होती. तीत तिने चिकूची कलमं लावली होती. 'आम्ही लावली' असं मी लोकांना सांगत असे. खड्डे तिने उभं राहून खणून घेतले होते आणि ओळी सरळ येताहेत की नाही ते पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. एक ओळ अजून वाकडी आहे.

वाडीतल्या विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर गोड असे आणि होळीच्या सुमारास मचूळ होत जाई. मोठ्या झाडाला ते चाललं असतं, कोवळ्या कलमाला चालत नाही. वरच्या अंगाला एका मासळीवाल्या मावशीची विहीर होती, तिचं पाणी बारमाही गोड. मावशी भली बाई. इंजिन लावा, नळ टाका, लागेल तेवढं पाणी ओढा, असं तिने आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा प्रश्न फक्त इंजिनाचा होता. घोलवडचा एक बागाईतदार आपलं जुनं तेलाचं इंजिन फाल्गुनात विकणार होता, आणि ते आम्हाला देण्याचं त्याने कबूल केलं होतं. पैसे जवळजवळ जमले होते. दोघांचे मिळून, असं म्हणायचं. माझे पगारातून उरलेले आणि तिचे पोलकी शिवून साठलेले. माझ्या पगारातून काही उरत नसे, एवढं सांगितलं म्हणजे हिशेब कळेल.

हे पैसे दिवाळी ते फाल्गुन नुसते पेटीत पडून राहणार, याचं मला वाईट वाटत होतं. त्याच दिवाळीत माझा मेहुणा आला.

मेहुणा फोर्टात एका शेअर दलालाच्या कचेरीत कारकून होता. म्हणजे माझ्यासारखाच, पण तो टाय लावी. पापलेटाचा रस्सा खाता खाता त्याने मला बाजाराचं तत्त्व समजावून सांगितलं. भाव म्हणजे सगळ्यांच्या अकलेची बेरीज, तो म्हणाला. कुठल्या कंपनीचं काय चाललंय ते कोणा एकाला सगळं माहीत नसतं. पण थोडं याला माहीत असतं, थोडं त्याला, आणि जो तो आपल्या माहितीप्रमाणे घेतो नि विकतो. ते सगळं भावात उतरतं. म्हणून शहाण्याने कंपनी बघत बसू नये, भाव बघावा. भाव चढतोय म्हणजे कोणाला तरी काहीतरी कळलंय.

मी विचारलं, घेणारा आणि विकणारा दोघेही विचार करूनच आलेले असतात, मग नफा कोणाला?

"प्रत्येक सौद्यात एक शहाणा असतो नि एक वेडा," मेहुणा म्हणाला. "आपण वेडे नाही ना, एवढं पाहायचं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढचे चार महिने मी ते माझं म्हणून वापरलं.

माझ्या मनात एक कंपनी होतीच. खाडीच्या अंगाला बर्फाचा एक कारखाना निघाला होता. सुरुवातीला त्याचे शेअर पंचक्रोशीत खपवले होते: वाडीवाल्यांना, दुकानदारांना, होड्या असलेल्या घरांना. शेअरच्या कागदावर बर्फावर उभ्या असलेल्या एका पांढऱ्या अस्वलाचं चित्र होतं. लोकांनी बहुतेक अस्वल पाहूनच दहा-दहा रुपये दिले असावेत, कारण कागदावर दुसरं काही समजण्यासारखं नव्हतं. पुढे नफा काही कोणाला मिळाला नाही, आणि ती अस्वलं घरोघरी पेटीच्या तळाशी साड्यांखाली जाऊन पडली.

पण माझं डोकं चालत होतं. होड्यांना इंजिनं लागू लागली होती. मासळीच्या पाट्या गाडीने मुंबईला जात होत्या, आणि बर्फावाचून जात नव्हत्या. उद्या बर्फ किती लागेल, हे कारखान्याच्या मालकालाही माझ्याइतकं स्पष्ट दिसत नसेल, अशी माझी खात्री होती. ही खात्री अगदीच चुकीची नव्हती, हे मी नमूद करून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही येणार नाही.

बायकोला मी सांगितलं. तिने विचारलं, शेअर घ्यायचे आणि फाल्गुनात विकायचे, तर तेव्हा घेईल कोण? मी तिला शहाण्या-वेड्याचं वाक्य ऐकवलं.

"मग आपण कोण?" ती म्हणाली.

तिला बाजार कळत नाही, असं मला वाटलं. पैसे तिने दिले. फाल्गुनात इंजिन दारात पाहिजे, एवढंच म्हणाली.

आता शेअर घ्यायचे कसे? डहाणूला शेअर बाजार नव्हता. बाजार होता तो गवताचा. तलासरीकडचं डोंगरातलं गवत कापून, दाबून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जाई, आणि त्या धंद्यातले दलाल हीच आमच्याकडची दलाल नावाची एकमेव जात. बर्फाचे शेअर कधीमधी विकले जात तेही त्यांच्याच हातून, आणि गवत विकलं जाई त्याच पद्धतीने.

ती पद्धत अशी. दोन दलाल समोरासमोर बसतात. एकजण खांद्यावरचा रुमाल दोघांच्या उजव्या हातांवर टाकतो. मग रुमालाखाली बोलणं चालतं. अख्खा पंजा दाबला की पाच, एक बोट धरलं की एक. तोंडाने गावच्या लग्नाबद्दल बोलतात, पावसाबद्दल बोलतात, आणि खाली बोटं भाव करतात. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. भाव त्या दोघांनाच ठाऊक. आणि दलाल कोणासाठी आलाय, हे तर समोरच्या दलालानेही विचारायचं नाही. विचारलं तर त्याच्याशी पुन्हा कोणी हात मिळवणार नाही.

मला ही पद्धत फार सोयीची वाटली. मी सरकारी नोकर. सरकारी नोकराने शेअरचा धंदा करू नये असा नियम आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. शिवाय मेहुण्याने सांगून ठेवलं होतं की मोठे लोक एकाच दलालाकडून कधी घेत नाहीत, दोघा-तिघांकडून थोडं थोडं घेतात, म्हणजे आपला हात कोणाला दिसत नाही आणि भाव भडकत नाही. मी मोठा नव्हतो, पण पद्धत मोठ्यांची ठेवायला हरकत नव्हती.

म्हणून मी दोन दलाल धरले. एक डहाणूचा. पोट सुटलेला, गोड बोलणारा, अर्धं मराठी अर्धं गुजराती. त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की आपण श्रीमंत आहोत असं वाटायला लागे. दुसरा तलासरीचा. उंच, वाळका, आणि बोलण्याच्या बाबतीत इतका कंजूष की 'हो' म्हणायच्या ऐवजी तो पापण्या मिटी. दोघांनाही मी वेगवेगळं गाठून सांगितलं, की बर्फाचे शेअर मिळतील तसे घ्या आणि माझं नाव कुठेही निघता कामा नये. डहाणूवाला म्हणाला, "साहेब, नाव तर आम्ही बायकोलासुद्धा नाही सांगत." तलासरीवाल्याने पापण्या मिटल्या.

दोघांनी शब्द पाळला. माझा नाश झाला तो त्यांच्या प्रामाणिकपणामुळे.

पहिल्या खेपेला शेअर नऊ रुपयांना मिळाले. लोकांना अस्वलाचा कंटाळाच आला होता. मग पौषात डहाणूवाला वखारीत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की तलासरीच्या बाजारात दुसरी एक पार्टी उतरली आहे आणि जोरात घेते आहे. त्याने हाताने एक मोठी वस्तू दाखवली, म्हणजे पार्टी तेवढी मोठी. मी विचारलं, कोण? तो नुसता हसला. हे विचारायचं नसतं, ते मी विसरलो होतो.

मी म्हटलं, आपण एक रुपया वर जा.

दोन दिवसांनी मी तलासरीला गेलो, तेव्हा वाळका दलाल स्वतःहून एस.टी.च्या थांब्यावर आला. त्याचं येणं हीच मोठी बातमी. त्याने चक्क चार शब्द खर्च केले: "दुसरा घेणारा आहे. मोठा."

दोन दलाल, दोन गावं, एकमेकांना माझ्याबद्दल काही माहीत नाही, आणि दोघंही स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगताहेत. याहून पक्की खबर काय असणार? कोणीतरी मोठा माणूस, बहुतेक मुंबईचा, बर्फ घेत होता. त्याला काहीतरी कळलं होतं. भावात ते उतरत होतं. मेहुण्याचं तत्त्व माझ्या डोळ्यांसमोर खरं होत होतं, आणि तेसुद्धा तलासरीच्या थांब्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.

मी त्यालाही म्हटलं, एक रुपया वर जा.

तिथून पुढे ते चालूच राहिलं. दर आठवड्याच्या बाजाराला दोघं दलाल एका रुमालाखाली बसत. दोघांकडेही घेण्याचाच हुकूम, त्यामुळे दोघंही एकमेकांकडचा माल मागत आणि दोघांपैकी कोणी देत नसे. उठताना प्रत्येकाला एवढं कळलेलं असे, की समोरचा अजून वर जायला तयार आहे. ते येऊन मला सांगत. मी दोघांना वर पाठवी. दलाल दोघंही मधल्या मध्ये थोडं घासाघीस करत, त्यामुळे आकडे कधी नेमके जुळत नसत, आणि मला त्या पार्टीच्या मनाचा थांग लावत बसायला वाव मिळे. हा आठ आणे कमी बोलला म्हणजे कचरतोय का? आज एकदम दीड रुपया वर गेला, तो कशाने? रात्री जेवताना मी बायकोला त्या माणसाचा स्वभाव सांगत असे. धीराचा आहे, पण हट्टी, असं माझं मत झालं होतं. ती म्हणे, आमटी घ्या.

एकदा तिला पद्धत कळावी म्हणून मी टॉवेल घेतला आणि तिचा हात खाली धरून दोन बोटं दाबली. हे किती झाले, सांग. तिने हात काढून घेतला आणि तव्यावरची भाकरी उलटली. एक बाजू करपली होती. त्याला कारण मी, असं ठरलं.

इकडे भाव चढल्याची कुणकुण घरोघर लागली आणि लोक पेट्या उपसू लागले. साड्यांखालची अस्वलं बाहेर आली. चिखल्याहून आली, बोर्डीहून आली. एक तर विवळवेढ्याच्या देवळाजवळच्या हलवायाकडून आलं, त्यावर तेलाचे डाग होते. जो जास्त देईल त्या दलालाला लोक विकत. दोन्ही दलालांचा माल माझ्याच घरी येत होता, हे वेगळं सांगायला नको.

विहिरीवाल्या मावशीकडेही शेअर होते. चिखल्याची सगळी वस्ती मला जावई मानी, तशी तीही. मी वाडीत गेलो की ती कुंपणावरून बोले.

"जावईबापू, ऐकलं का? बर्फाचे कागद कोण एक खुळा घेतोय म्हणे," ती एकदा म्हणाली. "अठरा रुपये देतो. देव त्याला उदंड आयुष्य देवो."

"खुळा नसेल, मावशी. त्याला काहीतरी माहीत असेल."

"असेल बाबा. मग मी विकू नको?"

इथे मी पेचात पडलो. विकू नका म्हणावं, तर माल हातचा जाणार. मी म्हटलं, तुम्हाला नवं जाळं घ्यायचंय ना, मग विका. तिने विकले. नायलॉनचं जाळं आलं, निळं, आणि तिच्या मुलाने ते मला मुद्दाम आणून दाखवलं. मी त्याची तारीफ केली. पैसे माझे होते हे तेव्हा तिला माहीत नव्हतं, आणि एका अर्थी मलाही नव्हतं.

माघ संपेपर्यंत भाव बाविसाच्या वर गेला. मेहुण्याला मी कार्ड टाकलं, की तुमचं भावाचं तत्त्व आता आमच्याकडेही पिकतं. फाल्गुन लागला. विहिरीचं पाणी जिभेला लागायला लागलं. घोलवडच्या बागाईतदाराने निरोप पाठवला की इंजिन तयार आहे, घेऊन जा, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. बायको म्हणाली, आता विका.

मी तयारच होतो. दोन्ही दलालांना हुकूम दिला, की सगळे काढा. दोघंही खूश झाले. डहाणूवाला म्हणाला, "काळजीच नको साहेब, ती पार्टी समोर बसलीय. सगळे उचलेल." तलासरीवाल्याने पापण्या मिटल्या आणि या वेळी किंचित हसलासुद्धा.

इथवर ठीक होतं. पण मला त्या माणसाला एकदा पाहायची हौस आली. इतके महिने ज्याच्या मनात मी राहत होतो, त्याचं तोंड तरी बघावं. म्हणून बाजाराच्या दिवशी मी कामाचं निमित्त काढून तलासरीला गेलो. मावशी तिथे सुकी मासळी घेऊन बसत असे. तिच्या पाटीजवळ मी उभा राहिलो. तिथून गवताच्या दलालांची जागा दिसे, चिंचेखालची.

बाजार नेहमीसारखा होता. पाड्यांवरून आलेली माणसं, टोपल्या, कोंबड्या, मिठाचा ढीग. दलाल बसले होते. माझा डहाणूवाला आला, घाम पुसत, आणि समोर बसला कोण, तर माझा तलासरीवाला. माझ्या मनात आलं, हे दोघं काय करताहेत? मग वाटलं, मोठी पार्टी यायची असेल, तोवर गवताचं चाललं असेल. मी मावशीकडून बोंबलाचा एक तुकडा घेऊन चघळत राहिलो.

रुमाल पडला. डहाणूवाला एका लग्नाबद्दल बोलू लागला. रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला. डहाणूवाल्याचं लग्न हळूहळू बंद पडलं. रुमालाखाली काहीतरी ओढाताण चालली आहे असं दिसू लागलं. आजूबाजूचे दोघं-तिघं जवळ सरकले. एकमेकांचा भाव कितीही पाडला तरी रुमालात एवढी धडपड कधी होत नाही.

आणि मग डहाणूवाल्याने जे कधी करायचं नाही ते केलं. मोठ्याने बोलला.

"तुम्ही पण विकायलाच?"

तलासरीवाल्याने पापण्या मिटल्या.

रुमाल निघाला. दोघांचे हात उघडे पडले, एकमेकांत अडकलेले, आणि कोणाचंच बोट कोणी दाबलेलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोणी काही न विचारता, कोणाचं नाव न घेता, दोघांनीही माना वळवल्या आणि सुक्या मासळीच्या पाटीजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. नाव सांगायचं नाही हा त्यांचा शब्द त्या क्षणापर्यंत शाबूत होता. नजरेबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

मी तोंडातला बोंबील गिळला. मुंबईचा तो धीराचा, हट्टी माणूस मला दिसला होता.

मावशीनेही तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला वेळ लागला नाही. पाटीतला एक मोठा बोंबील उचलून तिने माझ्या हातात ठेवला, फुकट.

मी चिंचेखाली गेलो. डहाणूवाला रडायच्या बेतात होता. त्याचं म्हणणं, की साहेब, निदान मला तरी सांगायचं. मी म्हटलं, विचारायचं नसतं ना? तो म्हणाला, विचारायचं नसतं, पण सांगायला कोणी अडवलं होतं? मग त्याला एकदम आठवलं की दलाली बाकी आहे. दोघांची. तीही मीच देणार होतो, दोन्ही बाजूंची, कारण दोन्ही बाजू माझ्याच होत्या.

मी तलासरीवाल्याला विचारलं, की आता खरा भाव काय मिळेल?

त्याने रुमाल झटकला आणि माझा उजवा हात धरून त्यावर टाकला. इतक्या महिन्यांत माझा हात पहिल्यांदाच रुमालाखाली गेला. मी वाट पाहत राहिलो. त्याची बोटं कोरडी, खरखरीत होती. त्याने पंजा दाबला नाही, बोट धरलं नाही. नुसता हात हातात घेऊन बसला, जसं एखाद्याच्या घरी कोणी वारलं असता बसतात, आणि मग सोडून दिला.

घरी आल्यावर मी बायकोला ओसरीवरूनच सगळं सांगितलं, अंगावरची धूळ न झटकता. वाटलं, तेवढ्याने थोडी दया येईल. तिने दोनच प्रश्न विचारले. ती दुसरी पार्टी कोण होती? मी म्हटलं, मी. आणि भाव कोण चढवत होतं? मी म्हटलं, मीच. ती आत गेली. त्यानंतर त्या विषयावर ती कित्येक आठवडे एक अक्षर बोलली नाही. माझी बोलणी खाण्याची तयारी होती. या गोष्टीची नव्हती.

इंजिन दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेलं. आमच्या घरावरून नेलं, बैलगाडीत घालून, कारण रस्ता तोच होता.

चैत्रात कलमांची पानं कडेने तांबडी पडू लागली. मग रोज पहाटे आम्ही दोघं चिखल्याला जाऊ लागलो. मावशीच्या विहिरीवरून कावडीने पाणी आणायचं आणि एकेका आळ्यात ओतायचं. कावड माझ्या खांद्यावर. मावशी विहिरीच्या काठावर बसून दात घाशी आणि मला बोलवी.

"जावईबापू, माझ्या बहिणीकडे अजून चार कागद आहेत. पाठवू का?"

मी म्हणे, पाठवा, आता एवढे आहेत त्यात काय. ती इतकी हसे की चूळ भरायची राहून जाई.

फुकट पाणी घ्यायची मला लाज वाटू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आता बर्फाच्या कारखान्याचा बराच मोठा भागीदार आहे. मी कारखान्यावर गेलो. मॅनेजरने माझे कागद पाहिले आणि बसायला खुर्ची दिली. नफा नाही म्हणाला, पुढच्या वर्षी बघू म्हणाला. पण लादी फोडताना जो चुरा पडतो तो हवा असेल तर न्या. त्याच्या खुर्चीमागे तेलाचं एक मोठं इंजिन भकभकत होतं. त्यातला थोडा भाग माझा होता, पण तो सुटा करून नेता येण्यासारखा नव्हता.

मग मी सायकलच्या मागे पोतं बांधून, भाताच्या तुसात दाबलेला बर्फाचा चुरा मावशीकडे नेऊन देऊ लागलो. पोचेपर्यंत अर्धा होई. उरलेला ती मासळीवर टाकी आणि म्हणे, हा एक कागद बरा लागला. ही माझी शेअरची कमाई. ती मी वैशाखभर घेतली.

एका सकाळी, शेवटच्या ओळीत, त्याच वाकड्या ओळीत, बायको आळं नीट करत होती आणि मी कावड घेऊन उभा होतो. काही कलमं गेली होती, पण पुष्कळशी तग धरून होती. एका फांदीला नवा कोंब आला होता. मन जरा हलकं झालं, आणि गप्प बसणं मला कधीच जमत नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या भावाचं तत्त्व चुकीचं नाही बरं का. भाव म्हणजे अकलेची बेरीज, हे खरंच आहे. मुंबईत ते चालतं, कारण तिथे आकडे पुष्कळ. आपल्याकडे बेरजेला आकडाच एक होता. म्हणजे तत्त्व बरोबर, फक्त जागा चुकली. यावर कोणीतरी लिहायला पाहिजे.

ती वाकूनच होती. हातातली माती आळ्याच्या कडेला थापली, ती बसेपर्यंत थापत राहिली, आणि मग वर न पाहता इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा त्या विषयावर बोलली.

"सौद्यात एक शहाणा असतो नि एक वेडा, असं म्हणाला होतात ना?"

"हो," मी म्हटलं.

"शहाणा आलाच नाही वाटतं बाजाराला. ओता ते पाणी."